आधी पंख जोडा, मग उतरवा, मग कापड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीटनपोल एअर कॅम्पर (घरी बांधायचं छोटं लाकडी विमान), तीन तुकड्यांचा पंख, ओहायोतलं गॅरेज. डाव्या-उजव्या पंखांचे सांगाडे तयार आहेत, वार्निश झालंय, कापडाचा गठ्ठा येऊन पडलाय आणि मेपर्यंत विमान चाकांवर उभं करायचंय. तर लगेच कापड चढवावं, की आधी उघडेच पंख विमानाला जोडून पाहावेत? आणि रिबांवर (पंखाला आकार देणाऱ्या लाकडी फासळ्यांवर) कापड नुसतं चिकटवलं तर भागेल का, शिवायलाच हवं का?

पहिल्याचं उत्तर: आधी जोडा, सगळं जुळवा, पुन्हा उतरवा आणि मगच कापडाला हात लावा. दुसऱ्याचं: शिवा. आता कारणं आणि पद्धत सांगतो. पत्र लांबेल.

कापडकाम मी शिकलो जुहूला, पुष्पकवर. एचएएलचं हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर तयार झाल्या. तेव्हा सुती कापड आणि डोप (कापड ताठ करणारा लेप). हँगरमध्ये पाऊल टाकलं की पिकलेल्या केळ्यांसारखा वास यायचा. आमचे मिस्त्री कापड ओढायच्या आधी पंखातल्या एकेक नटवर बोट ठेवून मोठ्याने आकडे म्हणत, आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरुवात. आम्ही पोरं हसायचो. नंतर अमेरिकेत विस्कॉन्सिनात आलो, इथल्या लोकांची घरी बांधलेली विमानं बघायला लागलो, तेव्हा हसू गेलं. बांधणाऱ्यांना आपलं नवंकोरं कापड फाडावं लागल्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांत कापडाचा दोष एकदोनदाच होता. बाकी वेळा आत काहीतरी राहून गेलेलं होतं.

जोडून पाहण्याआधी पंख स्वतः चौकोनात आहे का ते बघा. गवंडी पाया आखताना कर्ण मोजतो, अगदी तेच काम. पुढचा स्पार, मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य लाकडी दांडे) आणि त्यांना अंतरावर धरणारे दोन कॉम्प्रेशन स्ट्रट यांनी एक खण होतो, त्यात ड्रॅग आणि अँटीड्रॅग तारा तिरप्या जातात. दोन्ही कर्ण सारखे म्हणजे खण काटकोनात. टेपने मोजू नका, टेप झोळ खाते. एका सरळ पट्टीवर सरकणाऱ्या दोन अणकुच्या बसवून ट्रॅमेल करा, स्पारवर बारीक खुणा करा आणि मुळाकडच्या खणापासून टोकाकडे जा. मी एक बत्तिसांश इंचाच्या आत आणतो. प्रत्येक खण झाला की पुढच्या स्पारच्या कडेने सुतळी ताणून बघा. कर्ण जुळलेत पण स्पार वाकलाय, असं सहज होतं, कारण एक तार जास्त ओढली की लाकूड मुकाट्याने तिच्याकडे झुकतं. दोन्ही तारांचा ताण बोटाला सारखा लागला पाहिजे. तारा एकमेकींना छेदतात तिथे काहीतरी गुंडाळून बांधा, नाहीतर घासत राहतील.

आणि हे काम तुमच्या गॅरेजात हिवाळ्यात करताय हे विसरू नका. हीटरच्या कोरड्या हवेत स्प्रूसचं लाकूड आकसतं. आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, त्याची ही उलटी बाजू. जानेवारीत घट्ट केलेला बोल्ट आणि जुलैत तोच बोल्ट यांत फरक पडतो. लाकडावर नट आवळताना म्हणूनच मोठ्या तोंडाचे वॉशर, एएन ९७० जातीचे, वापरायचे आणि वॉशर लाकडात रुतायला लागायच्या आत थांबायचं. धातूच्या विमानाचे टॉर्कचे आकडे इथे डोळे झाकून लावले तर स्पार चिरडला जाईल.

आता जोडणी. आधी फ्युजलाज, म्हणजे विमानाचं धड, समतल करा, पुढे-मागे आणि आडवंही. वरच्या लाँजेरॉनवर (धडाच्या लांबीचा दांडा) लेव्हल ठेवा आणि विमान स्टँडवर घट्ट बांधून टाका, कारण दोन तासांनी कुणीतरी कोपर टेकवणारच. मग कबान स्ट्रट (धडावर पंख पेलणारे खांब) आणि पंखाचा मधला तुकडा. मधला तुकडा वाकडा बसला तर बाहेरचे दोन्ही पंख कितीही नीट केले तरी विमान वाकडंच राहणार, म्हणून इथे वेळ घालवा. पुढच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी ओळंबे सोडा, दोन्हींची अंतरं फ्युजलाजच्या मध्यरेषेशी ताडून पाहा.

पीटनपोलवाल्यांना एक गोष्ट मी नेहमी विचारतो: पंख किती मागे ठेवणार? या विमानात वैमानिक मागच्या आसनावर बसतो. तुम्ही वजनदार असाल किंवा इंजिन हलकं असेल तर गुरुत्वमध्य मागे जातो. मग बरेच लोक कबान थोडे मागे कलवून अख्खा पंखच काही इंच मागे नेतात. बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हला फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून हे विमान उडवलं. ते इंजिन चांगलंच जड होतं. त्याच्या जागी हलकं कॉन्टिनेंटल लावलं तर सगळा हिशोब बदलतो. हे सगळं उघड्या पंखावर, इंजिन बसवून, तुम्ही स्वतः आसनावर बसून, वजनकाट्यावर ठरवायचं. पंख मागे सरकला की लिफ्ट स्ट्रटची (पंखाला धडापासून तिरका आधार देणाऱ्या दांड्यांची) लांबी आणि कोन बदलतात, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेच्या) केबलची वाट बदलते. कापड चढवून झाल्यावर हे कळलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

बाहेरचे पंख लावताना टोकाखाली गादी घातलेला लाकडी घोडा हवा. आधी मुळाचे बोल्ट, हाताने फिरतील इतकेच. मग पुढचा लिफ्ट स्ट्रट, मग मागचा. आता दोन मापं घ्या. एक, प्रत्येक पंखाच्या टोकापासून शेपटीच्या खांबापर्यंतचं अंतर: डावं-उजवं सारखं हवं. दोन, पाण्याच्या नळीने दोन्ही टोकांची उंची. मग मागच्या स्ट्रटच्या आट्यांनी टोकाचा कोन बसवा. टोकाला मुळापेक्षा किंचित कमी कोन ठेवतात, म्हणजे स्टॉल (उचल अचानक तुटणं) मुळाकडे आधी येतो आणि एलेरॉनला शेवटपर्यंत थोडी हवा मिळते. किती, ते तुमच्या नकाशाप्रमाणे. माझा आग्रह एवढाच की दोन्ही बाजूंना समान. डावीकडे उजवीकडच्यापेक्षा अर्धा अंश जरी जास्त राहिला तरी उड्डाणभर स्टिक एका बाजूला दाबून धरावी लागेल. आटे बसवल्यावर स्ट्रटच्या टोकाच्या फोर्कच्या तपासभोकात बारीक तार घालून बघा, तार आरपार गेली तर फोर्क पुरेसा आत गेलेला नाही. टर्नबकलचा (तार ताणायच्या पेचाचा) नियमही असाच, नळीबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत.

मग एलेरॉन लावा, केबल ओढा, स्टिक पूर्ण डावीकडे-उजवीकडे न्या. केबल कुठे रिबला घासते, पुलीचा अक्ष केबलच्या रेषेत आहे का, एलेरॉन स्टॉपला आधी लागतो की पंखाच्या कडेला. एका गृहस्थांच्या विमानात एलेरॉन खाली जाताना शेवटचा अर्धा इंच रिबच्या कॅपस्ट्रिपला (रिबच्या कडेवरच्या पट्टीला) टेकत होता. उघड्या पंखावर दिसलं, पटाशीच्या दोन फटक्यांचं काम झालं.

तुमच्या फोटोत एक गोष्ट खटकली. स्पारला स्ट्रटचं फिटिंग जिथे बसतं तिथे भोकाच्या आत वार्निश दिसत नाही. फिटिंग काढा, भोकाच्या भिंतीला वार्निश द्या, वाळू द्या, मग पुन्हा बोल्ट. पाणी शिरतं ते तिथूनच. फिटिंग काढलंच आहे तर तिरप्या प्रकाशात स्पारच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी केसासारखी सुरकुती शोधा. ती दाबाने आलेली भेग असते, आणि वार्निशखाली सहज लपते. लाकडी स्पारच्या सिटाब्रिया विमानांसाठी एफएएला (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेला) याच भेगांमुळे तपासणीचे आदेश काढावे लागले होते. तुमचा स्पार नवा आहे, पण लाकूड वाहतुकीत आपटलेलं असू शकतं. रेषांचा तिरपेपणा पंधराला एकपेक्षा जास्त नको, हे तुम्ही लाकूड घेताना पाहिलंच असेल.

वार्निश कोणतं आहे? दोन भागांचं इपॉक्सी असेल तर ठीक. साधं स्पार वार्निश असेल तर कापडाच्या गोंदातला एमईके हा द्रावक त्याला चरचर उचलून काढतो आणि कापड लाकडाला न चिकटता उचललेल्या पापुद्र्याला चिकटतं. कोपऱ्यात थेंबभर गोंद टाकून बघा.

सगळं जुळलं की प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक स्ट्रटवर डावा-उजवा अशी खूण, बोल्ट त्या-त्या पिशवीत. मग पंख उतरवा. आणि आता, कापडाआधी, ईएएच्या (घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या) टेक्निकल कौन्सेलरला घरी बोलवा. फुकट येतात, आणि दुसऱ्याची नजर हवीच. तुमची नजर आता चार वर्षांत त्या पंखाला इतकी सरावली आहे की समोरची नट अडवणारी कॉटर पिन नसलेली तिला दिसणार नाही. त्यांच्या भेटीची नोंद आणि तुमचे फोटो तपासणीच्या वेळीही कामी येतात. अर्ध्याहून जास्त काम तुम्ही स्वतः केलं हे तेव्हा दाखवायचंच आहे.

कापडाआधी आत काय काय हवं? टोकाच्या दिव्याची तार, दिवा आत्ता लावणार नसलात तरी. निदान एक सुतळी ओढून ठेवा. वेगमापकाला हवा पोचवणारी पिटोची नळी. प्रत्येक पुली आणि फिटिंगखाली तपासणीच्या झाकणाची जागा. सगळ्या कॉटर पिना, सगळ्या सेफ्टी वायरी. कापडाला टोचेल अशा प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर आणि कडेवर चिकटपट्टी. रिबा आडव्या डुलू नयेत म्हणून एका रिबच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणलेली पट्टी. ही पट्टी लोक विसरतात, आणि कापड तापवल्यावर रिबा बाजूला कलंडलेल्या दिसतात.

आता कापड. उशीचा अभ्रा शिवतात तसं शिवलेलं पाकीटही मिळतं, पण तुम्ही गठ्ठा घेतलाय तर वर एक तुकडा, खाली एक तुकडा. कोणत्या कंपनीची पद्धत वापरता याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की ज्यांचं कापड त्यांचाच गोंद, त्यांचेच थर, त्यांचंच पुस्तक. याचा गोंद, त्याचा रंग अशी खिचडी करणाऱ्याला दोन वर्षांनी रंगाच्या खपल्या वेचताना मी पाहिलंय. खाली जे आकडे देतो ते पॉलीफायबरसारख्या पद्धतीचे आहेत.

तुमच्या पंखाला खालून बाक आहे, म्हणजे रिबचा खालचा पृष्ठ किंचित आत वळलेला आहे. इथे फसगत होते. कापड कडांना चिकटवून सरळ इस्त्री फिरवली तर ते आकसून ताणलेल्या दोरीसारखं सरळ होतं आणि रिबला सोडून मोकळ्या हवेत तरंगतं. तुम्ही बांधलेला आकारच गेला. म्हणून खालच्या बाजूला प्रत्येक कॅपस्ट्रिपवर आधी गोंद, कापड बोटाने दाबून बसवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग तापवायचं. वरच्या बाजूला हा त्रास नाही. कडांना चिकटवताना एक इंचाची घडी ठीक, पण पुढच्या कडेवर दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे मी दोन इंचांपेक्षा कमी घेत नाही.

इस्त्री घरची चालेल, घरच्या बाईसाहेबांची परवानगी असेल तर. पण तिच्या चकतीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पृष्ठभागाचं तापमान मोजणारा थर्मामीटर लावून २५०, ३०० आणि ३५० अंश फॅरनहाइटच्या खुणा स्वतः करा. सेल्सिअसमध्ये १२१, १४९ आणि १७७. पॉलिएस्टरचं हे कापड ३५० ला सुमारे दहा टक्के आकसतं आणि तिथेच त्याचा ताण पक्का होतो. त्याच्या वर गेलात तर ते सैल पडायला लागतं, आणि सैल पडलेलं पुन्हा ताणता येत नाही. पंखाची एक बाजू एका दमात ३५० पर्यंत नेऊ नका. वरून २५०, खालून २५०, मग वरून ३००, असं आळीपाळीने. नाहीतर मागची बारीक कड एका बाजूला ओढली जाते आणि पंखाला पीळ बसतो. ट्रॅमेलवर घालवलेले दिवस एका संध्याकाळीत पाण्यात.

लेपाचा पहिला थर ब्रशने, कापडाच्या विणीत मुरवून. तो वाळला की रिबांवर पट्टी आणि मग शिवण.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोंदाने भागेल असं तुम्हाला वाटतं, कारण चिकटवलेलं कापड ओढून बघितलं तर निघत नाही. पण तुम्ही ते बाजूने ओढलं. उडताना वरच्या कापडाला हवा वर खेचते. उचल मुख्यतः वरच्या पृष्ठावरच्या कमी दाबातून येते. म्हणजे कापड रिबपासून सोलून काढल्यासारखं ओढलं जातं, आणि सोलण्यापुढे गोंद सगळ्यात दुबळा. दोरा वरचं कापड, रिब आणि खालचं कापड एकत्र बांधतो. पीटनपोलसारख्या लाकडी रिबांना मी शिवल्याशिवाय हो म्हणणार नाही.

टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं. एफएएच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत त्याचा आलेख आहे, तो बघा. प्रॉपेलरच्या झोतात अंतर कमी. झोत म्हणजे प्रॉपेलरचा व्यास आणि दोन्ही बाजूंना एकेक रिब जास्तीची. मी केलेल्या पीटनपोलला झोतात अडीच इंच आणि बाहेर तीन इंच ठेवलं होतं, आणि रिबच्या दोन्ही टोकांना अंतर निम्मं. गाठ सीन नॉटची, थोडी बदललेली. सीन म्हणजे मासेमारीचं जाळं. पहिल्यांदा ती गाठ मारायला शिकलो तेव्हा वर्सोव्याला जाळं विणत बसलेले कोळी आठवले. गाठ कॅपस्ट्रिपच्या माथ्यावर कधीच नको. कडेला घ्या आणि ओढून कापडाच्या आत दडवा, वरून बोट फिरवलं तर लागू नये.

पंख पुढच्या कडेवर उभा करा, एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला, लांब सुई आरपार. आमच्या घरी पलीकडे बायको असते. पहिल्या पंखाच्या वेळी ती म्हणाली, "अहो, दोरा जड लागतोय." मी म्हटलं, ओढ. तिने ओढला, मी गाठ मारली, आणखी चार टाके घातले. संध्याकाळी एलेरॉन हलवून बघितला तर हलेना. दोरा केबलभोवती गेला होता. तेव्हापासून प्रत्येक रिब शिवून झाली की एलेरॉनची केबल हाताने ओढून बघतो, आणि पलीकडून "जड लागतंय" आलं की थांबतो.

पुढचं काम मोठं आहे पण सोपं: शिवणीवर आणि कडांवर कातरलेल्या काठाच्या पट्ट्या, पाणी निघायची भोकं मागच्या कडेला प्रत्येक खणात, तपासणीच्या कड्या. चंदेरी थर मात्र कमी करू नका. पॉलिएस्टरला उन्हातली अतिनील किरणं खातात आणि त्यांना अडवते ती त्या थरातली अॅल्युमिनियमची पूड. वरचा रंग शोभेचा. अंधारात पंखाच्या आत दिवा धरून बघा, उजेड झिरपला तर अजून थर हवा.

दोन-भागी पॉलियुरेथेन रंग वापरणार असाल तर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, गाळणीच्या काडतुसाचा पुरत नाही. गोंदाला काडतुसाचा चालतो, पण गॅरेजचं दार उघडं, आणि वॉटर हीटरची पेटती ज्योत त्याच खोलीत असेल तर आधी बंद.

भारतातून वाचणारे विचारतात, हे तिकडे करता येईल का. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं, पण ते धातूचं. कापडाचं काम करायला गच्ची नको, बंद खोली हवी, धूळ आणि दमट हवा दोन्ही बाहेर ठेवता येतील अशी.

मेचं म्हणाल तर हिशोब साधा आहे. जोडून बघायला आणि दुरुस्त्यांना तीन शनिवार-रविवार धरा. कापडाचे थर थंडीत नीट बसत नाहीत, त्यामुळे ओहायोत मार्चच्या मध्यापर्यंत गॅरेज गरम ठेवायचा खर्च आहेच. तेवढ्या काळात उघडा पंख विमानावर असू द्या. या आठवड्यात फक्त कबानवर मधला तुकडा चढवा, ओळंबे सोडा आणि दोन्ही अंतरं मला लिहून पाठवा. मागच्या डाव्या कबानचा खालचा बोल्ट फोटोत आखूड दिसतोय, त्याचं माप पण.